उडी मारणारं देऊळ

कोनवली गावात गावदेवीचं देऊळ नव्याने बांधायला घेतलं, आणि नामा मढवीच्या मोबाइलमध्ये ते रोज सकाळी उडी मारायला लागलं. खरं देऊळ कुठलं उडी मारतंय! ते बापडं घमेल्यामागून घमेलं सिमेंट पोटात घेत जागच्या जागी उभं होतं. उड्या मारत होतं ते नामाच्या चित्रफितीतलं. कधी डावीकडे सरकायचं, कधी चार बोटं वर चढायचं. नामाने चष्मा पुसला, मोबाइल पुसला, पुन्हा बघितलं. देऊळ उडालंच.

हे प्रकरण समजायचं तर आधी माणूस समजायला हवा. ऐरोलीच्या पुढे, खाडीच्या अंगाला आमचं हे गाव. आता चारी बाजूंनी टॉवर आणि काचेच्या कंपन्या आल्यात, मधे गावठाण तेवढं दाटीवाटीने तग धरून आहे. नामाच्या बापाने इथे भात लावला. नामाच्या हातात लावायला भात उरला नाही, म्हणून त्याने महाप्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला. पंप असो, गिअरबॉक्स असो, यंत्र थरथरायला लागलं की साहेब लोक नामाला बोलवायचे. तो आधी कान लावायचा आणि मगच पाना उचलायचा. स्वभाव मात्र असा, की यंत्राशी जेवढा धीर धरायचा त्याच्या पावपटही माणसांशी धरला नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर तीन दिवस बोलून दाखवणार. मनाने वाईट नव्हता हो, पण तोंड! तोंडाला ब्रेक लावायचा देव विसरला होता.

रिटायर झाला तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात दुरुस्तीला काही उरेना. कुकरच्या मुठीचे स्क्रू आवळून झाले, पंख्याचे झाले, शेवटी देव्हाऱ्याची बिजागरी उघडून बसला. तेव्हा त्याची बायको चांगुणाबाई हिने लेकीला फोन लावला. "स्नेहल, तुज्या बापाला कायतरी हातात दे गो. नायतर मीच निघते उरनला माहेरी."

स्नेहल ऐरोलीतल्या एका कंपनीत कामाला. तिने स्वतःचा कपाटात पडलेला कॅमेरा आणून दिला आणि शिकवलं, की दर थोड्या वेळाने आपोआप एक फोटो निघेल असा हा लावून ठेवता येतो. मग ते सगळे फोटो एकामागोमाग पळवले की वर्षभराचं काम चार मिनिटांत डोळ्यांसमोर उभं राहतं. त्याला टाइमलॅप्स म्हणतात. कळी उमलताना दाखवतात ना टीव्हीवर, तसंच. नामाला हे इतकं आवडलं, की देवळाच्या कमिटीत जाऊन त्याने सांगूनच टाकलं, "देऊल पायापासून कळसापरेंत मी कॅमेऱ्यात उतरवतो." कमिटीचे अध्यक्ष आप्पा. आप्पांच्या हातात माइक आला की ते कुणाचंही भलं करायला मागे-पुढे बघत नाहीत. त्यांनी गावजेवणात जाहीर केलं, की कळस चढेल त्या दिवशी मोठ्या पडद्यावर नामाची फिल्म लागणार. झालं, बोलबाला झाला.

कॅमेरा लावायला जागा एकच होती, मढवींची गच्ची. समोर गल्ली, गल्लीपलीकडे देऊळ. पण गच्ची एकट्या नामाची नव्हती. ती त्याची आणि त्याचा धाकटा भाऊ पंढरीची, सामाईक. जिना एक, दार एक, चाव्या दोन. आणि त्या गच्चीपायीच दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पंढरीला आपल्या बाजूला मजला चढवायचा होता, नामाने सही दिली नाही. नुसती दिली नाही एवढंच नव्हे, वर चारचौघांत म्हणाला, की ह्याला पाया म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि हा मजला चढवणार. पंढरीने त्या दिवसापासून तोंड फिरवलं. एका जिन्यावरून चढउतार, आणि नजरेला नजर नाही. आई गेली तेव्हासुद्धा दोघे तिरडीला लागले ते पुढे-मागे न बघता.

आणि हा कॅमेरा आला. लोखंडी पाइपाचा स्टँड नामाने स्वतः वेल्डिंग केला, तो गच्चीच्या कठड्यावर बसवायला एका माणसाचं बळ पुरेना. पंढरी मशेरी लावत कोपऱ्यात उभा होता. त्याने चूळ भरली, पुढे आला आणि काही न बोलता पाइप धरला. नामाने ड्रिल चालवलं, बोल्ट ठोकले. "सरल हाय का?" नामाने विचारलं. "जरा तुज्याकरं घे," पंढरी म्हणाला. एवढंच. पण त्या संध्याकाळी पंढरीच्या घरून खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण आलं, आणि नामा ते पुरवून पुरवून दोन वेळा जेवला. चांगुणाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, देवीच पावली.

आता कळलं ना, ते देऊळ उडी मारायला लागलं तेव्हा काय काय पणाला होतं ते?

पहिल्यांदा नामाला काळजी वाटली नाही, उलट मजा वाटली. यंत्राला रोग झालाय म्हणजे आपलं काम आलं! त्याने स्नेहलला फिल्म पाठवली. ती म्हणाली, "पप्पा, दोन गोष्टी दिसतायत. चित्र सारखं बारीक थरथरतंय, ते वेगळं. आणि अधूनमधून मोठा धक्का बसतोय, ते वेगळं."

थरथर लवकर सापडली. लेन्सच्या पोटात एक यंत्रणा असते. माणसाचा हात कापला तर चित्र सावरून धरणारी. कॅमेरा हातात असेल तेव्हा ती गुणाची. पण लोखंडी स्टँडवर हात नाही नि काही नाही, तरी ती बया सावरायला बघते, आणि सावरता सावरता स्वतःच डगमगते. बटण बंद केलं, अर्धी थरथर गेली. मग फोकस. दर फोटोला कॅमेरा नव्याने नजर लावायचा, त्यात चित्र नखभर लहानमोठं व्हायचं. फोकस एकदा लावून कायमचा बांधून टाकला. लेन्सचं झूमचं कडं स्वतःच्या वजनाने खाली घसरत होतं, त्याला चिकटपट्टी मारली. वारा लागू नये म्हणून स्टँडला वाळूची गोण लटकवली. उरलेली थरथरही गेली, चित्र तळ्यातल्या पाण्यासारखं स्थिर झालं.

आणि सकाळी देऊळ उडालं.

मग मात्र नामाचं डोकं गरगरायला लागलं. त्याने मोबाइलवर एकेक फोटो पुढे-मागे करून बघितला. दिवसभर चित्र जागेवर. संध्याकाळचा शेवटचा फोटो जागेवर. दुसऱ्या सकाळचा पहिला फोटो, की सरकलंच! त्याने कॅमेऱ्याला घड्याळ लावून दिलं होतं. कामगार नऊला येतात, तेव्हापासून ते काम सुटेपर्यंतच फोटो निघायचे. बाकी वेळ कॅमेरा झोपलेला. म्हणजे जे काय होत होतं ते तो झोपलेला असताना होत होतं.

"रातचा लोखंड गार होऊन आखडत असेल," नामा स्वतःशी म्हणाला. पण आखडलं तर रोज एकसारखं आखडायला हवं. हे एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. पाण्याची टाकी? पहाटे भरते, भाराने स्लॅब दबत असेल. त्याने कॅमेऱ्याशेजारी सपाटी मोजायची स्पिरिट लेव्हल ठेवून टाकी रिकामी केली आणि भरली. बुडबुडा ढिम्म हलला नाही. उलट सगळ्या घराचं पाणी गेलं आणि आंघोळीवरून चांगुणाबाईशी खडाजंगी झाली, ती वेगळीच. कावळा बसत असेल म्हणून वर काटेरी तार बांधली. लेन्स पुसताना आपलाच हात लागत असेल म्हणून पुसणं सोडलं. चित्र धुळकट झालं, उडी तशीच. मांजर झालं, उंदीर झाला, गल्लीतून जाणारा काँक्रीटचा मिक्सर झाला. गडी जेवायला बसला तरी ताटाकडे बघायचा नाही, बुडबुड्याकडेच बघितल्यासारखा बघायचा. स्नेहल म्हणाली, कॉम्प्युटरवर सगळे फोटो ओढून एका रेषेत आणता येतील, फक्त कडा कापल्या जातील. नामा उखडला. "कडेला देवी हाय! देवीला कापू मी?"

ते खरंच होतं. जुनं देऊळ पाडलं तेव्हा देवीला शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये बसवली होती. पुढे एक पडदा दोरीवर लावलेला. ती शेड चित्राच्या कडेला यायची. या वर्षी देवीच्या पूजेचा मान मढवींच्या घरात होता, म्हणून चांगुणाबाई रोज पहाटे जाऊन देवीला आंघोळ घालायची, लुगडं नेसवायची. नामाला त्याचं काही विशेष नव्हतं. तो तेव्हा घोरत असायचा.

शेवटी त्याने कारखान्यातला जुना उपाय काढला. कॅमेरा ज्या गोल मुंडीवर फिरतो ती मुंडी आणि खालचा पाइप, दोन्हींवरून मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मारली. मुंडी केसभर जरी फिरली तरी रेघ तुटणार. दुसऱ्या सकाळी वर जाऊन बघतो तर काय, रेघ तुटलेली. अगदी सुताएवढी, पण तुटलेली.

मुंडीचा हाताने फिरवायचा नट नामाने स्वतः आवळला होता. आणि नामा मढवीने आवळलेला नट आपोआप सैल झाला, असं कारखान्यात कुणी म्हणालं असतं तर नामाने नोकरी सोडली असती. म्हणजे नट सैल झाला नव्हता, कुणीतरी सैल केला होता. सैल करून, कॅमेरा फिरवून, पुन्हा आवळला होता. माणसाचा हात! आणि गच्चीच्या चाव्या दोन. एक आपल्या घरात, दुसरी...

नको तो विचार आला, आणि एकदा आला तो जाईना. पंढरी रोज पहाटे मशेरी लावायला वर असतो. पंढरीला अजून मजल्याचा राग असणार. गावासमोर आपली फजिती व्हावी, नामाची फिल्म लागली आणि देऊळ बेडकासारखं उड्या मारतंय म्हणून लोक हसावेत, हाच डाव. मग ते कालवण? कालवणसुद्धा डावातलंच! संशयी माणसाला निवट्यातही काटे दिसतात. घरात हे बोलायला चांगुणाबाई नव्हती. भाचीची हळद होती, ती सकाळची पूजा आटपून शेजारच्या विमलबाईवर देवीची सेवा सोपवून उरणला निघून गेली होती. ती असती तर तिने कदाचित नामाचा हात धरला असता. पण नव्हती.

नामा तडक देवळापाशी गेला. आप्पा, कंत्राटदार, गावातली चार माणसं स्लॅबकडे माना वर करून उभी होती. त्यात पंढरी.

"पंढऱ्या," नामा सगळ्यांसमोर ओरडला, "कॅमेऱ्याला हात कशाला लावतंस रे? समोरून बोलायची हिंमत नाय, म्हनून चोरासारका पाठीमागून?"

पंढरीने दादाकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने कडोसरीतून गच्चीची चावी काढली, नामाच्या हातावर ठेवली. "बरा दादा. आजपासून मी वर येनार नाय."

"बगा!" नामा आप्पांना म्हणाला. "नाय तरी बोलला का? बोलला का नाय?" खरंच, पंढरी "मी नाही केलं" असं बोलला नव्हता. लोकांनीही तेच धरलं. ज्याने केलं नाही तो असा गप्प कशाला बसेल?

आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवसापासून उडी बंद! रेघ सरळ, देऊळ जागच्या जागी. तिसऱ्या दिवशीही तसंच. नामाचा हिशोब जुळला. पण जुळलेल्या हिशोबाने माणसाला झोप लागावी, ती काही लागेना. जिन्यात पंढरीच्या चपला दिसायच्या, पंढरी दिसायचा नाही. गच्चीचा तो कोपरा रिकामा. नामा मोबाइलवर सरळ चालणारं देऊळ बघायचा आणि त्याला ते बघावंसं वाटायचं नाही.

चांगुणाबाई हळद-लग्न उरकून परत आली. भावाभावांचं पुन्हा बिनसलंय एवढं तिला गावात शिरल्या शिरल्याच कानावर आलं असेल, पण नामाने तिला काही विचारू दिलं नाही. "तू यात परू नको. भावाभावांचा मामला हाय." ती काहीतरी बोलत होती, हा पंखा मोठा करून कूस बदलून झोपला.

आणि सकाळी देऊळ उडालं!

आता मात्र नामाचं डोकं पार चक्रावलं. दोन्ही चाव्या त्याच्या खिशाला. एक घराच्या खुंटीवरची, एक पंढरीची... नाही, घरची खुंटीवर होती, पंढरीची खिशात. पुन्हा मोजल्या, दोनच. दार शाबूत, कुलूप शाबूत. मग? पंढऱ्याने तिसरी चावी करून ठेवली असणार! करणी तर नाही ना कुणी केली? छे, करणी करणारा नट कशाला आवळेल? त्याला स्वतःचीच शंका यायला लागली. झोपेत चालत तर नाही आपण? रेघ तरी आपण सरळ मारली होती ना? त्याने रेघेकडे इतका वेळ बघितलं, की ती आपोआप हलल्यासारखी दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसला. वयाच्या साठीत! गुडघे दुखायला लागले, डास फोडून काढत होते. हातात पाना होता, तो कशासाठी घेतला होता ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

दाराची कडी वाजली. पावलं आली, आणि पावलांबरोबर बांगड्या वाजल्या.

चांगुणाबाई होती. ओले केस, अंगावर सोवळ्याचं लुगडं. सवयीच्या हाताने तिने मुंडीचा नट सैल केला, कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे वळवलं. "बग आता तिकरंच," त्याला दटावल्यासारखं म्हणाली, आणि खाली उतरून गेली.

नामा उठायचंच विसरला. कठड्याशी येऊन बघतो तर ती गल्ली ओलांडून शेडमध्ये शिरली, पडदा ओढला. खालून बघणाऱ्याला तो पडदा पुरेसा होता. पण इथून, गच्चीवरून, पडद्याची दोरी आणि पत्रा यांच्या मधल्या फटीतून आतलं सगळं दिसत होतं. तिने देवीचं लुगडं उतरवलं, तांब्याने पाणी घातलं. नामाने झटकन मान फिरवली. का फिरवली ते त्याला फिरवल्यावर कळलं.

ती परत वर आली, कॅमेरा वळवला, चष्म्याविना डोळे बारीक करून रेघेला रेघ लावली आणि नट आवळला. नामा टाकीमागून बाहेर आला.

"अगो बाय!" ती दचकली. "तुमी हिथं काय करता?"

"मी काय करतो? तू काय करतंस?"

"काय म्हंजे? देवीची आंघोल असते. बाईमानूस हाय ती. उघडी असताना ह्याचा डोला तिच्यावर कसा ठेवायचा?"

"तो नऊ वाजेपरेंत झोपलेला असतो!"

"डोला तर उघडाच हाय की," चांगुणाबाई म्हणाली, आणि तीस वर्षं यंत्रं उघडलेल्या फिटरने वाकून त्या उघड्या डोळ्यात बघितलं.

"मना सांगायचा नाय?"

"सांगायचा काय? तुमाला ठाव नवता?" आता तीच गोंधळली. "तुमी ती पांढरी रेघ मारलीत ना? मना वाटला, माजा अंदाज चुकतो म्हनून माज्यासाठीच मारलीत. मी भावजींना बोललेसुद्धा, बगा, सोभाव तिखट हाय पन मानूस समजून घेतो."

नामाने पाना खाली ठेवला. "पंढरीला... पंढरीला ठाव होता?"

"रोज हिथंच मशेरी लावीत असायचे. त्यांनीच तर मना नट कसा फिरवायचा ते शिकवला. मी उरनवरून आले तवापासून वर दिसत नाय. तुमचा काय बिनसला तेच मी आले त्या रात्री विचारत होते, तुमी पंखा मोठा केलात."

नामा जिना उतरला तो पायात काही न घालताच. पंढरीच्या दारात उभा राहिला. पंढरी ओट्यावर बसून मशेरी लावत होता. त्याने दादाकडे बघितलं, सरकून जागा केली नाही, पण उठूनही गेला नाही.

"तुना ठाव होता," नामा म्हणाला.

पंढरीने मशेरीचं बोट दातांवरून फिरवलं.

"मी तुना सगल्यांसमोर चोर बोललो. तू तोंड उघडला नाय. एक शब्द बोलला असतास..."

"चारचौगांत वहिनीचा नाव घेऊ?" पंढरी म्हणाला. "कंत्राटदार उबा, आप्पा उबा. आनि तू असा तापलेला. दादा, मना तू एकदा चोर बोललास, मी सहन केला. तिला बोलला असतास तर जनमभर बोलत ऱ्हायला असतास. मिठाचा नाय सोडत तू, ह्याचा कसा सोडशील?"

आयुष्यात नामाला पुष्कळ लोक टाकून बोलले होते, त्याने प्रत्येकाला व्याजासकट परत केलं होतं. आज परत करायला काही नव्हतं. तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. पंढरी मशेरीचं बोट तोंडातच ठेवून बघत राहिला.

"मी आता जातो देवलाकरं, सगल्यांना सांगतो," नामा नाक पुसत म्हणाला.

"काय सांगशील? वहिनी करायची म्हनून? मंग मी गप्प बसलो ते फुकटच."

तेही खरं. नामा विचार करत बसला. भावाला सोडवायचा तर बायको सापडते. बायकोला झाकायची तर भाऊ चोर राहतो. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी तो उठला.

त्या दिवशी कामावर सगळे जमले तेव्हा नामा आप्पांसमोर जाऊन उभा राहिला. पंढरी लांब, वाळूच्या ढिगाशी. नामा मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आप्पा, पंढरीने कायच केला नवता. मुंडीचा नट मीच नीट आवलला नवता. सैल ऱ्हायलेला. आपोआप फिरायचा."

आधी कुणाला खरं वाटेना. मग आप्पांनी विचारलं, "तू? तू आवललेला नट सैल?"

"हां. मीच."

मग जो हशा उठला! आप्पा पोट धरून हसले. कंत्राटदार म्हणाला, "काका, महाप्याची कंपनी अजून उबी हाय ना?" कामगारांना मराठी कळत नव्हतं, तेही बघून बघून हसायला लागले. गावात आता वर्षभर हे पुरणार होतं. नळ गळला की नामाचं नाव, सायकलची चेन पडली की नामाचं नाव. नामा मान खाली घालून उभा राहिला. उलट बोलायला जीभ वळवळत होती, त्याने ती दाताखाली धरली. आयुष्यात पहिल्यांदा.

हसणं काही थांबेना. तेव्हा वाळूच्या ढिगाकडून पंढरी चालत आला आणि नामाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

"हसलात ना? बस जाला आता," तो म्हणाला. "माजा भाऊ हाय तो."